वर्ध्याच्या मावशीची खारी लिंबं

वर्धा म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? बरोबर, सेवाग्राम! पाठ्यपुस्तकात त्याचा धडा असतो, बापूंच्या कुटीचं चित्र असतं. खाण्याच्या बाबतीत हुशार असलेला एखादा मित्र म्हणेल, ‘गोरसपाक!’ तेही खरं. वर्ध्याला जाऊन गोरस भांडारातला गोरसपाक न खाता परत येणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पण आज मी तुम्हांला वर्ध्याची तिसरीच गोष्ट सांगणार आहे. ती पुस्तकात सापडत नाही आणि दुकानातही मिळत नाही. ती आहे माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात, फळीच्या कोपऱ्यात, एका चिनीमातीच्या बरणीत. वर पांढराशुभ्र दादरा बांधलेला आणि आत काळपट तपकिरी, मऊ पडलेली लिंबं. मीठ आणि लिंबू, बस्स! तेल नाही, तिखट नाही. पण या दोन जिनसांनी आम्हांला वर्ध्यापासून थेट मोरोक्कोपर्यंत फिरवून आणलं. कसं, ते ऐका.

२०२२ सालचा एप्रिल महिना होता. परीक्षा संपवून माझा सातवीतला भाचा माझ्याबरोबर वर्ध्याला निघाला. नागपूरहून वर्धा सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. बसच्या खिडकीतून येणारा वारा म्हणजे भट्टीचं दार उघडल्यावर येतो ना, अगदी तसा. वर्ध्यातलं ऊन काय असतं ते तिथं गेल्याशिवाय कळायचं नाही. वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर सहज जातो. दुपारी रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून, डोळे तेवढे उघडे ठेवून हिंडतात.

मावशीच्या घरी पोचलो तेव्हा भाच्याचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता. “मला लिंबू-सरबत!” एवढंच तो म्हणाला. आता गंमत अशी, की त्या महिन्यात देशभर लिंबं महागली होती. कितीतरी शहरांत एकेक लिंबू दहा दहा रुपयांना विकलं जात होतं. मी पिशवी घेऊन निघणार, तेवढ्यात ब्याऐंशी वर्षांची माझी मावशी आतून म्हणाली,

“कुठं जाऊन राहिला रे उन्हात? बाजारात निंबू महाग झालं तं काय झालं? घरात आहे न!”

तिनं बरणीचा दादरा सोडला. कोरड्या लाकडी चमच्यानं लिंबाची एक फोड आणि चमचाभर खार काढला, माठातल्या पाण्यात गूळ विरघळवला, त्यात तो खार घातला, फोड बोटांनी कुस्करली आणि पेला भाच्यापुढे धरला. सरबताचा रंग चहासारखा! भाच्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू त्याला काढा पाजताहेत. पण तहान जोरात होती. एक घोट घेतला. थांबला. मग पेला तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला.

“आजी, हे लिंबू कधीचं आहे?”

“मागच्या पौषातलं.”

म्हणजे सव्वा वर्षापूर्वीचं! भाचा बघतच राहिला.

तुम्हीही चक्रावलात ना? मग आधी हे समजून घ्या, की उन्हाळ्यात लिंबू महाग का होतं. लिंबाच्या झाडाला वर्षातून तीनदा बहर येतो. जानेवारी-फेब्रुवारीतला आंबिया बहर, जून-जुलैतला मृग बहर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला हस्त बहर. फूल आल्यापासून लिंबू तयार व्हायला पाच-सहा महिने लागतात. आंबिया बहराची लिंबं पावसाळ्यात मिळतात, मृगाची हिवाळ्यात. आणि ज्या उन्हाळ्यात सगळ्यांना लिंबू हवं असतं, त्या उन्हाळ्यात मिळतात ती हस्त बहराची. पण हस्त बहर येतो सगळ्यांत थोडा! म्हणजे गरज मोठी आणि लिंबं थोडी. भाव चढणार नाही तर काय?

आमच्या मावशीनं यावर सोपा उपाय काढला आहे. हिवाळ्यात लिंबं स्वस्त आणि रसरशीत असतात, ऊनही कोवळं आणि कोरडं असतं. तेव्हा ती लिंबं मिठात घालते आणि उन्हाळ्यात काढते. सरबत हा त्याचा एक उपयोग झाला. ती साल बारीक चिरून मुगाच्या खिचडीवर घालते, कोशिंबिरीत मिसळते. वरणात आंबट घालायला काही नसलं, तर चमचाभर खार. विदर्भात गोळाभात करतात, म्हणजे डाळीच्या भरड्याचे गोळे भातात वाफवतात आणि वर हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी घेतात. त्या भाताबरोबर मावशीच्या लिंबाची एक फोड ताटात आली, की जेवणारा माणूस दोन घास जास्तच खातो. आणि कुणाला ताप आला, तोंडाची चव गेली, तर मऊ भात, साजूक तूप आणि या लिंबाची साल. आजारी माणसाचं जेवण तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून आम्ही सेवाग्रामला गेलो. वर्धा शहरापासून आश्रम आठेक किलोमीटर. आत शिरलं की पायाखाली बारीक खडी वाजते, भोवती मोठाली झाडं. त्यातला एक पिंपळ बापूंनी १९३६ साली लावला आहे, आणि बकुळ कस्तुरबांनी. मातीच्या भिंती, कौलारू छपरं, खाली सारवलेली जमीन. बाहेर ऊन तापत होतं, पण बापूकुटीत पाय ठेवला आणि अंगाला गारवा लागला. तिथं साप पकडायचा एक लांब चिमटाही आहे. साप मारायचा नाही, पकडून लांब सोडून द्यायचा!

भाच्यानं मात्र भलताच प्रश्न काढला. आश्रमाच्या प्रार्थनेत अकरा व्रतं म्हटली जातात, हे त्याला शाळेत शिकवलं होतं. सत्य, अहिंसा, अस्तेय... आणि त्यातलं एक आहे ‘अस्वाद’. म्हणजे जिभेच्या चवीसाठी खायचं नाही, शरीराला लागतं म्हणून खायचं. आश्रमाचं जेवण साधं, मसाल्यावाचून असे. भाचा माझ्या कानात म्हणाला,

“मग आजीची बरणी इथे चालली नसती. लोणचं म्हणजे तर नुसती चव!”

खरं सांगतो, मला पटकन उत्तर सुचलं नाही. मी त्याला वेगळीच गोष्ट सांगितली.

बापू वर्ध्याला आले कशामुळे? एका अर्थी मिठामुळे! १२ मार्च १९३० ला ते ७८ सहकाऱ्यांना घेऊन साबरमती आश्रमातून दांडीला पायी निघाले आणि ६ एप्रिलला त्यांनी मूठभर मीठ उचलून कायदा मोडला. मिठावर कर होता, आणि तो गरिबातल्या गरिबालाही भरावा लागे. उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाला मिठावाचून चालत नाही. म्हणून तर बापूंनी लढ्यासाठी मीठच निवडलं. निघताना त्यांनी ठरवलं होतं, की स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीच्या आश्रमात राहायला परत यायचं नाही. मग राहायचं कुठं? जमनालाल बजाज यांनी आग्रह करून त्यांना वर्ध्याला आणलं. १९३६ च्या एप्रिलअखेर बापू शेगाव नावाच्या लहानशा खेड्यात आले. विदर्भात गजानन महाराजांचंही एक शेगाव आहे. पत्रं चुकून तिकडे जात. म्हणून १९४० मध्ये या गावाचं नाव ‘सेवाग्राम’ झालं.

आणि लिंबू? तेही बापूंच्या रोजच्या आहारात होतं. गरम पाण्यात मध आणि लिंबू ते नेमानं घेत.

बा-कुटीसमोर बसून मी भाच्याला आणखी एक गोष्ट सांगितली. बापूंनी ती आत्मचरित्रात लिहिली आहे. दक्षिण आफ्रिकेत असताना कस्तुरबा फार आजारी पडल्या. बापू म्हणाले, मीठ आणि डाळी सोडून बघ. बांना ते पटेना. त्या म्हणाल्या, कुणी तुम्हांला सांगितलं तर तुम्हीही सोडणार नाही! झालं, बापूंनी तिथल्या तिथं जाहीर केलं, की मी वर्षभर दोन्ही सोडलं. बा घाबरल्या. मी सोडते, पण तुम्ही आपलं बोलणं मागं घ्या, म्हणून विनवू लागल्या. बापू कसले ऐकतात! बांनीही मग दोन्ही सोडलं आणि पुढे त्या बऱ्या झाल्या.

“म्हणजे बापूंच्या घरातही जेवणावरून वाद व्हायचे तर!” भाचा खूश झाला.

दुपारी घरी आल्यावर त्यानं आपला प्रश्न मावशीपुढेच टाकला. “आजी, अस्वाद-व्रत असलं तर लोणचं खाता येतं का?” मावशी एकदम हसायला लागली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, “बस इथं. सांगते.”

तिनं जे सांगितलं ते मीही इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

मावशीचं माहेर आर्वी तालुक्यात. आर्वी, आष्टी, कारंजा हा वर्धा जिल्ह्याचा संत्र्यांचा मुलूख. तिच्या वडिलांची छोटी बाग होती आणि बांधावर लिंबाची झाडं. १९५९ साली ती लग्न होऊन वर्ध्याच्या घरी आली. बरोबर आईनं दिलेली खाऱ्या लिंबांची बरणी. पण सासरे पक्के खादीधारी, भूदानाच्या कामात गावोगाव पायी फिरणारे. घरात आश्रमासारखे नियम. लोणचं, पापड, मसाला यांतलं काही नाही. एकोणीस वर्षांच्या नव्या सुनेनं काय करावं? तिनं ती बरणी धान्याच्या कोठीमागे लपवून ठेवली. कधी माहेरची फार आठवण आली, की रात्री सगळे झोपल्यावर एक फोड चोखायची.

“चोरीच की रे ती!” मावशी म्हणाली. “अस्तेयाचं व्रतही मोडलं!”

दुसऱ्या वर्षी वैशाखात सासरे एका गावाहून भर दुपारी चालत आले आणि आडवे झाले. त्यांना ऊन लागलं होतं. डॉक्टर येऊन गेले, औषधं सुरू झाली, ताप उतरला. पण अन्न काही जाईना. दोन दिवस घास पुढे केला की ते तोंड फिरवत. सासूबाई रडकुंडीला आल्या. मावशीच्या मनात बरणी येत होती, पण बोलायचं कसं? बरणी दाखवली तर लपवल्याचं कळणार. नाही दाखवली तर...

तिसऱ्या दिवशी तिनं मन घट्ट केलं. तांदळाची पातळ पेज केली, त्यात लिंबाची साल बारीक चिरून घातली, वर चमचाभर खार घातला आणि वाटी सासऱ्यांपुढे ठेवली. त्यांनी एक घोट घेतला. तिच्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. पण वाटी संपवली. संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, “सकाळचं ते आणखी आहे का?”

चार दिवसांनी ते उठून बसले आणि त्यांनी सुनेला हाक मारली. तिचे पाय लटपटत होते. तिनं सगळं खरं सांगून टाकलं. सासरे थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले,

“चवीसाठी खाऊ नये, शरीरासाठी खावं, एवढंच ते व्रत आहे. या लिंबानं मला अन्न जायला लागलं. मग औषध कुणी कोठीमागे लपवतं का? फळीवर ठेव.”

त्या दिवसापासून बरणी फळीवर आली ती आजतागायत. आणि पुढच्या हिवाळ्यात रोज सकाळी बरणी उन्हात ठेवण्याचं आणि हलवण्याचं काम कुणी घेतलं असेल? सासऱ्यांनी!

भाचा मात्र हार मानणारा नव्हता. “पण आजी, ‘असंग्रह’ हेही व्रत आहे. म्हणजे साठवायचं नाही. बरणी म्हणजे साठाच ना?”

मावशीनं त्याला सरळ दाराशी नेलं आणि बोट दाखवत मोजायला लावलं. “त्या घरच्या सुनेला उलट्या होत होत्या, फोड नेली. त्या घरच्या म्हाताऱ्याला ताप होता, फोड नेली. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया भाकरीबरोबर नेतात. साठा मीच खाल्ला असता तं पाप होतं.”

यावर मात्र भाच्याकडे उत्तर नव्हतं.

आता मोरोक्कोचं. आफ्रिकेच्या वायव्य टोकाला मोरोक्को नावाचा देश आहे. तिथंही घरोघरी अशाच बरण्या असतात. लिंबाला उभ्या-आडव्या दोन चिरा द्यायच्या, पण खालून ते जोडलेलंच ठेवायचं. चिरांत मीठ दाबून भरायचं, बरणीत ठासून बसवायचं आणि लिंबाच्या रसात बुडवून महिनाभर ठेवायचं. तिथले लोक बहुतेकदा आतला गर काढून टाकतात आणि सालच वापरतात. उंच निमुळत्या झाकणाचं मातीचं भांडं असतं, त्याला ताजीन म्हणतात. त्यात मंद आचेवर कोंबडी किंवा भाज्या शिजवायच्या आणि ऑलिव्हच्या फळांबरोबर ही चिरलेली साल घालायची. ताज्या लिंबानं ती चव येत नाही, कारण मुरताना सालीचा कडूपणा कमी होतो आणि वास मात्र राहतो. मावशी खिचडीवर साल घालते त्याचंही कारण हेच. तिकडे मोरोक्कोतली आजी आणि इकडे आमची मावशी. दोघींनी एकमेकींचं नावही ऐकलेलं नाही!

ही युक्ती किती जुनी? बाराव्या शतकात इजिप्तमध्ये सुलतान सलाउद्दीनच्या दरबारात इब्न जुमै नावाचा वैद्य होता. त्यानं लिंबावर एक छोटा ग्रंथच लिहिला आणि त्यात चिरा देऊन मिठात लिंबं घालायची रीत सांगितली. म्हणजे आठशे वर्षांहून अधिक जुनी ही गोष्ट आहे. आणि सांगणारा होता वैद्य! मावशीच्या सासऱ्यांना हे कळलं असतं तर ते नक्की हसले असते.

लिंबाच्या जातीची झाडं मूळची आपल्या ईशान्य भारताच्या आणि आसपासच्या डोंगराळ मुलखातली. तिथून ती इराण, अरबस्तान करत पश्चिमेला गेली, आणि त्यांचं नावही बरोबर गेलं. भाषेचे अभ्यासक सांगतात, की आपल्या ‘निंबू’चं फारसीत ‘लीमू’ झालं, अरबीत ‘लैमून’ आणि इंग्रजीत ‘लेमन’. तेव्हा वर्ध्याची मावशी ‘निंबू’ म्हणाली तर पुण्या-मुंबईच्या मुलांनी हसू नये. लिंबाचं जुनं नाव तिनंच सांभाळून ठेवलं आहे!

करून बघायचंय? मग घरातल्या मोठ्यांना हाताशी घ्या, कारण सुरीचं काम आहे. पिवळी, पातळ सालीची, डाग नसलेली एक किलो कागदी लिंबं घ्या. धुऊन फडक्यानं अगदी कोरडी पुसा. चार फोडी करा, पण देठाकडे जोडलेल्या राहू द्या. पाव किलोच्या आसपास मीठ घ्या, ते फोडींत भरा आणि लिंबं स्वच्छ, कोरड्या काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत दाबून बसवा. धातूचं भांडं नको, आंबटानं ते खराब होतं. वरून आणखी सात-आठ लिंबांचा रस पिळा. लिंबं रसात बुडली पाहिजेत. मावशी थोडा ओवाही घालते. तोंडाला कापड बांधून आठ-दहा दिवस ऊन दाखवा, रोज एकदा हलवा. मग झाकण लावून महिनाभर विसरून जा.

आत काय होतं? मीठ लिंबातलं पाणी बाहेर ओढतं. त्या खारट आणि आंबट पाण्यात अन्न नासवणाऱ्या जंतूंची डाळ शिजत नाही. साल हळूहळू मऊ पडते. पण ओला चमचा घातलात की संपलं! पाण्यानं खार पातळ होतो आणि बुरशीला वाट मिळते. आणि हो, यात मीठ भरपूर असतं. तेव्हा एका वेळी एक फोड, वाटीभर नाही. घरात कुणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. उन्हानं कुणाला चक्कर आली, कुणी बरळायला लागलं, तर लिंबू शोधत बसू नका. आधी सावली, गार पाण्याची पट्टी आणि सरळ दवाखाना.

परत निघताना मावशीनं भाच्याला छोटी बाटली भरून दिली. आणि हळूच म्हणाली, “यंदा शेवटची घातली रे. आता बरणी उचलत नाही. मनगट दुखते.”

भाचा बसमध्ये बराच वेळ गप्प होता. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला पुढच्या हिवाळ्यात कळलं. २०२३ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या सुट्टीत, तो हट्टानं मला घेऊन वर्ध्याला गेला. मावशी पाटावर बसून सांगत होती आणि हा लिंबं पुसत होता. मध्येच ती ओरडायची, “काहून रे, फडकं ओलं आहे न ते! दुसरं घे!” दुपारी त्यानं बरणी दोन्ही हातांनी उचलून अंगणातल्या उन्हात ठेवली.

आता दर हिवाळ्यात हे काम त्याचंच. तुमच्याही घरी अशी एखादी बरणी असेल, आणि ती उचलताना कुणाचं तरी मनगट दुखत असेल. एकदा विचारून तर बघा!